एकवीस हालीचे अठरा कलदार

हाली रुपया गेला तेव्हा आमच्या घरात एका वेळेला बारा-तेरा पानं वाढली जायची, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पैसे देऊन जेवणाऱ्यांची असायची. आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे दारावर पाटी, आत टेबलं असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. औरंगपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी, पडवीत दोन चुली. पुढच्या खोलीत दोन्ही भिंतींना टेकून तरटाच्या पट्ट्या अंथरायच्या आणि माणसं समोरासमोर बसायची. नव्यानं निघालेल्या कॉलेजातली पोरं, दोघं-तिघं कचेरीतले कारकून आणि एक मास्तर. पहाटे मला जाग यायची ती आईच्या जात्यानं. मग नळावरच्या घागरींचा आवाज, मशिदीतली अजान, आणि मग तव्यावर भाकरी टाकताना आईच्या बांगड्या. भाकरी थापताना ती कधी गाणी वगैरे म्हणायची नाही. तोंडानं फक्त मोजायची. कुणाला तीन लागतात, कुणाला पाच, हे तिला पाठ असायचं.

जेवण साधंच. सकाळी भाकरी, वरण, एखादी पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते घालून केलेली आमटी दाट होते आणि पोटाला आधार देते. अंबाडीची भाजी केली की त्या दिवशी भाकऱ्या हटकून कमी पडायच्या, मग आई पदराला हात पुसत पुन्हा पीठ मळायला बसायची आणि पुटपुटायची, "खा रे बाबांनो, खा. तुमच्या माया तिकडं काळजी करू राहिल्या असतील." पुटपुटायची खरी, पण तिला मनातून बरं वाटायचं. स्वयंपाकाला नाव ठेवलेलं मात्र तिला खपायचं नाही. एकदा एक कारकून आमटीत मीठ कमी आहे म्हणाला तर तिनं त्याच्या पुढ्यात मिठाची वाटीच नेऊन आदळली.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, खजिन्याच्या कचेरीत कारकून होते. निजामाच्या अमलात उर्दूतून काम केलेलं, अक्षर मोत्यासारखं, आकड्यांवर भलती श्रद्धा. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, साहेब बदलले, नाना त्याच खुर्चीवर राहिले. गल्लीतली माणसं पैशाचं काहीही असलं की त्यांच्याकडं यायची. पोस्टात टाकू का, सोनं घेऊ का, मेहुण्याच्या दुकानात भागी घेऊ का. नाना प्रत्येकाला ओट्यावर बसवून शांतपणे समजावायचे. एक पैसा कुणाकडून घेतला नाही, चहासुद्धा आपल्याच घरचा पाजला. आई आतून म्हणायची, "लोकांच्या पैशाचं लई कळतं हो तुमच्या बापाला." यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिचं तिलाच ठाऊक.

आता मी गारखेड्यात राहते. जन्मभर बँकेत नोकरी केली, त्यामुळं मलाही लोक सोडत नाहीत. परवाच शेजारणीचा जावई मोबाईल घेऊन आला. "काकू, एवढे पैसे आहेत, कशात टाकू सांगा ना. तुम्ही एक्स्पर्ट." त्या काचेवर हिरव्या-तांबड्या रेघा वरखाली होत होत्या. मी म्हटलं, बाबा रे, माझं डोकं दुखतंय, नंतर ये. खोटं नाही सांगितलं. हल्ली पैशाबद्दल कुणी शहाणपण विचारलं की मला खरंच थकवा येतो. ज्या माणसाकडून मी पैसा शिकले तो फार शहाणा होता, आणि त्याच्या शहाणपणानं आमच्या घरात जे झालं ते मी बघितलंय.

पण आधी खानावळ का होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नानांचं घर मूळ वैजापूरचं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, शेती बघायचे. लग्न होऊन आई आली ती त्या घरात, थोरल्या जावेच्या हाताखाली. सगळ्या किल्ल्या जावेच्या कमरेला. माझ्या केसांना तेल हवं असलं तरी आईनं जाऊन मागायचं, आणि काकूंनी "परवाच तर दिलं होतं" असं चार बायकांत म्हणून मग पळीनं वाढायचं. सात-आठ वर्षं आईनं ते काढलं. नानांची बदली औरंगाबादला झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बरोबर येणारच म्हणाली. नानांच्या पगारात शहरात भागत नव्हतं, म्हणून खानावळ. ती चालली तर आम्ही शहरात, नाही चालली तर गाशा गुंडाळून वैजापूर. आईला हे दिवसरात्र टोचत असायचं. कधी पीठ संपत आलं की ती डब्यात हात घालून तशीच बसायची आणि म्हणायची, "मी त्या चुलीपुढं परत जायची नाय. मेले तरी नाय."

आता हालीचं. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रुपया होता, त्याला हाली म्हणत. बाकीच्या हिंदुस्थानचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. राज्य गेल्यावरही काही वर्षं हाली चाललाच, मग सरकारनं ठरवलं की आता देशभर एकच रुपया, हाली बंद. शहरात नुसता गोंधळ. बायका उतरंडीतून, उशीतून गाठोडी काढू लागल्या. नानांच्या कचेरीपुढं रांगा. अफवा तर विचारू नका. कुणी म्हणे हालीला निम्माच भाव मिळणार, कुणी म्हणे गांधीटोपी घालून गेलं तर पूर्ण मिळतो. आमच्या ओट्यावर रोज सभा भरायची, आणि नाना त्या दिवसांत खरंच उजळून निघाले होते. इतकी वर्षं जे आकडे त्यांनी मुकाट लिहिले, ते समजावून घ्यायला अख्खी गल्ली समोर बसलेली. "घाबरू नका," ते सांगायचे. "कुणाचं काही जात नाही. तुमचे एकवीस होते, आता अठरा होतील. पण जी चीज एकवीसला मिळत होती ती अठराला मिळेल. नुसता आकडा बदलतो, माल तोच राहतो." लोक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जायचे.

जेवायला येणाऱ्यांनाही त्यांनी पंगतीतच सांगितलं. खानावळीचा महिना एकवीस हाली होता. नानांनी हात धुतले, पुढच्या खोलीत आले आणि जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून अठरा कलदार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमचे मिसाळ मास्तर तेवढे भाकरी मोडता मोडता थांबले. मास्तर म्हणजे तिशीच्या आतला, वाळका, सदा इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस. खुलताबादचे. वडिलांचं शिवणकाम होतं, ते वारल्यावर आई आणि बहीण मास्तरांच्याच जिवावर. जमीन म्हणाल तर कुंडीएवढीसुद्धा नाही. सरकारी शाळेत शिकवायचे आणि जेवण झालं की अर्धा तास मला गणित शिकवायचे, फुकट. मास्तर म्हणाले, "नाना, गणित बिनचूक आहे. पण शहागंजाच्या बाजारात लोक गणित शिकलेत का?" सगळे हसले. नानाही हसले.

पहिल्या महिन्यात आई डाळ आणायला शहागंजात गेली, मी पिशवी धरायला. तिथं रहीमभाईंचं किराणा दुकान होतं, आमचं बांधलेलं. डाळीचा भाव आधी जो हालीत होता तोच आकडा आता कलदारात. आई चकित झाली. "अहो भाई, सहाचा भाव पाहिजे सातच्या जागी. आमच्या मालकांनी सांगितलं." रहीमभाई काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तराजू खाली ठेवला. "भाभी, तुमच्या मालकाचं बरोबर आहे. पर मेरेकू माल मोंढे से आ रा, जित्ते हाली थे उत्तेच कलदार में. मोंढेवाला आकडा कम करताच नै, तो मैं किसकू बोलूं? मेरा बी घर है." तेलवाल्याचं तेच, जळणवाल्याचं तेच. घरमालक भाडं घ्यायला आला तेव्हा नानांनी चौदा हालीचे बारा कलदार मोजून पुढं ठेवले. त्यानं ते घेतले नाहीत. "चौदा ते चौदा, नानासाहेब. कुठं रोज रोज आकडे बदलायचे?" म्हणाला, जणू आपणच उपकार करतोय. आणि नानांनी आणखी दोन रुपये काढून दिले. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ज्याला समजून घ्यायचंच नाही त्या घरमालकाला नाना काय समजावणार?

म्हणजे आमच्याकडं येणारा पैसा सातावरून सहावर आला, आणि जाणारा सातच राहिला. एवढी साधी गोष्ट. पुढं बँकेत मोठमोठे साहेब इंग्रजीत यावर व्याख्यानं द्यायचे, आकडा आणि किंमत यांतला फरक माणसाच्या डोक्यात कसा शिरत नाही ते. मी मागच्या बाकावर जांभया देत बसायचे. आमच्या पडवीत ते सगळं होऊन गेलं होतं. वरण पातळ झालं. पालेभाजीत बटाटा वाढला. शेंगदाण्याची चटणी एक दिवसाआड आली. पोरं बोलायची नाहीत, पण ताटात बघायची, आणि ते बघणं आईला चाबकासारखं लागायचं. घासाला नाव ठेवू न देणारी बाई, तिनं स्वतःच वाढताना नजर चुकवायला सुरुवात केली.

मग घरात भांडणं. आमच्याकडं भांडण म्हणजे आई बोलायची आणि नाना आकडे सांगायचे. "तुमचं सगळं बरोबर हो," ती म्हणायची, "पण माझ्या डब्यात डाळ नाय. ती कुठं गेली ते सांगा." नाना म्हणायचे, "भाव खाली येतील. थोडं थांब. बाजाराला वेळ लागतो." "किती थांबू? आणि तोपर्यंत काय वाढू, तुमचा बाजार?" एकवीस कलदार घेते म्हणाली तर नाना पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "खजिन्यातल्या माणसाच्या घरी सरकारी भाव मोडायचा? लोकांना मी काय तोंड दाखवू?" आईनं तरी विचारून बघितलंच. पंगतीत नव्हे, एकेकाला दाराशी. पण पोरांना घरून येणारे पैसे आणि कारकुनांचे पगार सगळे अगदी सरकारी भावानं, सातचे सहा असेच बदललेले. त्यांच्याकडं जास्तीचं होतंच कुठं? दोघं कारकून दुसरीकडं गेले. मग आईनं तो विषय सोडला.

तेवढ्यात मोठे काका येऊन गेले. कांदा विकायला मोंढ्यात आले होते, फेटा काढून ओट्यावर बसले. आई त्यांच्यासमोर येत नसे, दाराआड उभी. काकांनी पाणी प्यायलं, घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "नारायण, बास झालं आता. घरच्या सुनेनं परक्यांची उष्टी काढायची, बरं दिसत नाही. तुझं भागत नाही हे मला दिसू राहिलं. संक्रांतीनंतर गाडी पाठवतो. पोरीला आणि तिला तिकडं ने, तू इथं खोली करून राहा." नाना "बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. दाराआड आईचा हात माझ्या खांद्यावर होता, त्या हाताची बोटं अशी रुतली की मी ओरडणार होते. मला वैजापूर म्हणजे तेलाची ती पळी आठवायची, आणि शाळा तर तिथं मुलींची चौथीपर्यंतच.

त्याच आठवड्यात कडुबा म्हणून एक विद्यार्थी होता, वैजापूर तालुक्यातलाच, त्यानं महिन्याचे पैसे दिले नाहीत. चांगला आडदांड पोरगा, पाच भाकऱ्यांचा. कापसाचे पैसे आले नाहीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावची बैलगाडी मोंढ्यात आली होती, तिच्यातून त्यानं ज्वारीचं पोतं उतरवून पाठीवर घेतलं आणि आमच्या पडवीत आणून टाकलं. "माय, पैसे नाहीत, हे ठिवा. आमच्याकडं पेवात लई पडलीय." आईनं पोत्यात हात घातला. पेवातल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातल्या ज्वारीला एक उग्र वास असतो, तो घरभर पसरला. आई बराच वेळ ती ज्वारी ओंजळीत घेत राहिली आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "कडुबा, दर महिन्याला आणशील?"

झालं. आईनं नियम केला. पुढच्या महिन्यापासून ज्याला जेवायचं त्यानं अर्धं पोतं ज्वारी आणि दोन शेर डाळ घरून आणायची, वर तेलामिठाला सहा रुपये द्यायचे. बहुतेक पोरं शेतकऱ्यांचीच होती, त्यांच्या घरच्यांना पैसे काढण्यापेक्षा धान्य काढणं सोपं. सगळ्यांनी मान डोलावली. नाना मात्र दुखावले. "सरकार नवं चलन आणू राहिलं, देश एक करू राहिलं, आणि माझ्या घरात धान्यावर व्यवहार? लोक हसतील." आई म्हणाली, "हसू द्या. जवारीला हाली कळत नाय अन् कलदार कळत नाय. तेवढीच भाकरी होते तिची." तो एक शहाणपणाचा निर्णय होता, मी आजही म्हणेन. महागाई चढते तेव्हा रोख धरून बसू नये, वस्तू धरावी, हे मी पुढं शेकडो लोकांना सांगितलं, पगार घेऊन सांगितलं. आईनं ते चुलीपुढं उकिडवं बसून ठरवलं. दोन महिन्यांत वरण दाट झालं. चटणी परत आली. संक्रांतीनंतर काकांची गाडी आली ती रिकामीच परत गेली, आणि त्या दिवशी आईनं सगळ्यांना तिळाच्या पोळ्या वाढल्या, तूप घालून. इतकी हसलेली आई मी आधी पाहिली नव्हती.

मिसाळ मास्तरांकडं शेत नव्हतं.

नियम केला त्याच दिवशी जेवण झाल्यावर ते थांबले. मी गणिताची पाटी घेऊन बसलेली. मास्तर पडवीच्या दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, माझ्याकडं ज्वारी कुठली? मी आपले अठरा रुपये रोख देत जाईन. एक-दोन जास्त जमले तर बघतो." आईनं भांडी घासणं थांबवलं नाही. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, एकाला रोख घेतलं की समदे रोख देतील. मग मी कुठं जाऊ? सगळ्यांना एकच नियम." मास्तर "बरोबर आहे" म्हणाले आणि मला त्रैराशिक शिकवायला बसले. त्या दिवशी त्यांनी उदाहरण चुकवलं आणि मी ते दुरुस्त केलं तेव्हा त्यांनी मला शाबासकी दिली. मला फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, कसलं बरं वाटलं गं तुला, भवाने.

पहिल्या तारखेला मास्तर अर्धं पोतं घेऊन आले. इस्त्रीच्या सदऱ्याला खांद्यावर धुळीचा पट्टा. "बहिणीच्या सासरहून आणली," म्हणाले. आईनं पोतं सोडलं आणि हात घातला. मी तिचं तोंड बघत होते. बहिणीचं लग्न झालेलं नव्हतं, ते तर आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आणि ज्वारी एका शेतातली नव्हती. पिवळी, पांढरी, काळसर, सगळी सरमिसळ, मधे बारीक खडे. दुकानात तळाला उरलेली एकत्र करतात तशी. शहागंजात तिला काय भाव होता हे आईइतकं कुणाला ठाऊक? ज्या महागाईतून तिनं आपलं अंग काढून घेतलं होतं ती या माणसानं पोत्यात भरून, पाठीवर घेऊन तिच्याच दारात आणली होती. आईच्या ओठांवर काहीतरी आलेलं मी पाहिलं. पण तिनं ते गिळलं, पोतं बांधलं आणि म्हणाली, "ठेवा तिकडं कोपऱ्यात."

दुसऱ्या महिन्याला पुन्हा तसंच. तिसऱ्या महिन्याला मास्तर आले नाहीत. कुंभारवाड्यातल्या खोलीवर स्टोव्ह घेतलाय, हातानं करून खातो, असं कडुबानं सांगितलं. "एकदाच करतात. सकाळी कधी कधी नुसते फुटाणे," तो म्हणाला आणि पाचवी भाकरी घेतली. मला त्याचा असा संताप आला! आईनं ते ऐकलं. तिचा हात तव्यावर थबकला आणि भाकरी करपली. करपलेली भाकरी तिनं बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

तो रविवार होता. दुपारी सगळे जेवून गेल्यावर आईनं डब्यात तीन भाकऱ्या, अंबाडीची भाजी आणि वाटीभर घट्ट वरण भरलं आणि मला म्हणाली, "जा, मास्तरांना देऊन ये. काही विचारलं तर काय सांगायचं नाय, आईनं दिलंय एवढंच सांग." नाना ओट्यावर कुणालातरी पोस्टाच्या सर्टिफिकिटांचं समजावत होते. मी डबा दोन्ही हातांनी धरून उन्हात निघाले. मास्तरांची खोली म्हणजे एका कुंभाराच्या घराला लागून काढलेली पडवी. ते पोरांच्या वह्या तपासत बसले होते. स्टोव्ह कोपऱ्यात, पेटलेला नव्हता. मला बघून उठले, पाट दिला, पाणी दिलं. मी डबा पुढं केला. अंबाडीचा वास आला असणार, कारण त्यांनी एकदा डोळे मिटले.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"आईनं दिलंय," मी म्हणाले.

"ते कळलं गं. किती द्यायचे म्हणाली?"

मास्तरांनी डबा हातात घेतला, त्याचं झाकण जरा सैल झालं होतं ते घट्ट लावलं आणि माझ्याकडं परत दिला. रागावले नव्हते, अगदी मायेनं बोलत होते. "घेऊन जा बाळ. आईला सांग, तिचं काही चुकलेलं नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण आज फुकट जेवलो तर उद्या मला तुमच्या दारात उभं राहता यायचं नाही, आणि मला तिथं यायचंय. तुझं गणित राहिलंय." मग म्हणाले, "आणि नानांना सांग, भाव अजून खाली आले नाहीत." हे मात्र त्यांनी हसून सांगितलं. गणित शिकवायला ते नंतर आलेही, चार-सहा वेळा, जेवणाची वेळ टाळून. मग त्यांची बदली झाली.

मी डबा घेऊन परत आले तेव्हा नाना आत येऊन पानावर बसले होते, आई वाढत होती. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. भावाचंही सांगितलं. नानांचा हात ताटाशी थांबला. मला वाटलं आता आई बोलणार, इतक्या महिन्यांचं सगळं काढणार, आणि नाना आकडे सांगणार. आईनं नुसता डबा उघडला. वरची भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले. एक नानांच्या ताटात ठेवला आणि दुसरा आपल्या हातात घेऊन ती त्यांच्या समोर बसली. ती कधी नानांबरोबर जेवायची नाही. "खा," ती म्हणाली. "तुमच्या आकड्यानं अन् माझ्या नियमानं, दोघांनी मिळून मिळवलीय ही." नानांनी भाजी घेतली नाही, वरण घेतलं नाही. कोरडा तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावत राहिले. त्यांना तो गिळता येत नव्हता. आई तिचा तुकडा खात होती आणि त्यांच्याकडं बघत होती, आणि ते गिळेपर्यंत तिनं त्यांना पाणी दिलं नाही.